तिनं पाहिलं होतं का?

नांदगाव पेठ, १२ फेब्रुवारी २०२४

जेबा,

तू फोन उचलत नाहीस. मेसेजही पोचत नाहीत, म्हणजे माझा नंबर तू बंद केला असशील. म्हणून कागद घेतला. उजैर रविवारी अम्मीला भेटायला अकोल्याला येणार आहे, त्याच्या हाती देते. शाळा सुटल्यापासून तुला पत्र लिहायची वेळ आली नव्हती. लिहायला बसलं की बोलणं आपोआप पुस्तकी होतं, त्याचा राग धरू नकोस.

उजैर सांगत होता, नागपूरच्या ऑपरेशनमध्ये आयशाबी अम्मीचा उजव्या बाजूचा जबडा काढावा लागला. दूध-पाणी नाकातल्या नळीनं देता. आता अकोल्यात किरणांचे शेक चालू आहेत. एवढंच कळलं. पुढचं विचारलं की तो दुसरीकडे पाहतो आणि खिशातली पुडी काढतो. तुझा भाऊ आईला कॅन्सर झाल्यावरही खर्रा खातो, हे तुला माहीत असेलच.

इथलं काय सांगू. आठ दिवसांपूर्वी आमच्या उपकेंद्रात तोंड तपासायचं शिबिर झालं. तीन दिवस मी दारोदार फिरले. अकरा जण आले. त्यातले चार बीपी मोजायला, एक जण रेशन कार्डाचं विचारायला. डॉक्टर खुर्चीत बसून मोबाइल पाहत होते आणि समोर कुंदनच्या टपरीवर, मोजायची सोय नाही एवढी माणसं उभी. तो प्लास्टिकच्या कागदावर तंबाखू, सुपारी आणि चुना घेऊन खर्रा घोटत होता. नत्थुजीही तिथंच. मी रस्ता ओलांडून गेले, म्हटलं चला, पाच मिनिटांचं काम आहे. तर म्हणतात, "पोर्णिमाबाई, मराचंच हाय तं तोंड रंगवून मरू. तुमाले काहून एवढी घाई?" सगळे हसले. मीही हसले. बारा वर्षं आशाचं काम करून एक गोष्ट शिकले, लोक हसले की आपणही हसायचं, नाहीतर पुढच्या वेळी दार उघडत नाहीत.

अम्मीलाही मी किती वेळा सांगितलं होतं, तंबाखू सोडा म्हणून. ती ऐकणारी होती का, तूच सांग.

दोन ओळी लिही. नाहीतर उजैरजवळ तोंडी निरोप दे.

पौर्णिमा

नांदगाव पेठ, २१ मार्च २०२४

जेबा,

पत्र तू वाचलंस आणि घडी करून उशीखाली ठेवलंस, असं उजैर म्हणाला. निघताना त्याला एकच म्हणालीस, "तिले विचार, तिनं पाह्यलं होतं का?" त्यानं तसंच येऊन विचारलं. दारातच, चप्पल न काढता.

त्याचं सांगतेच. आधी थोडं इकडचं.

रोजे चालू आहेत. तुमच्या गल्लीतली शाहीन तुला आठवते ना, शिलाई करते ती. दिवसातून आठ-दहा वेळा दातांना गुल, ती तंबाखूची पूड, लावायची. या महिन्यात पहाटेपासून सूर्य बुडेपर्यंत हात लावत नाही. मी म्हटलं, "शाहीन, चौदा तास राहू शकतेस, तर उरलेले दहा काय अवघड?" ती सुई ओवत होती. म्हणाली, "बाजी, ते चौदा तास अल्लासाठी हाय. हे दहा मह्यासाठी. मह्यासाठी कोन सोडते?"

प्रशिक्षणात आम्हाला चित्रांचं पुस्तक दिलं आहे. त्यात सडलेल्या गालाचं चित्र आहे, फुफ्फुसाचं आहे. शाहीनच्या प्रश्नाचं पान त्यात नाही. तरी दुसऱ्या दिवशी परत गेले. म्हटलं, तुझ्या लेकीसाठी सोड. ती म्हणाली, पाहू. आमच्या कामात 'पाहू' म्हणजे पुष्कळ झालं.

गल्लीच्या टोकाला मेळघाटातून आलेली कोरकू माणसं राहतात, सूतगिरणीत कामाला. त्यांच्या बाया मी बोलले की माना हलवतात. माझं मराठी त्यांना किती कळतं, देव जाणे. एकीनं फक्त एवढंच विचारलं की पाळीवर उभं राहून झोप येते, तंबाखूशिवाय झोप कशी घालवायची. त्याचंही पान नाही.

तुझा प्रश्न. हो, पाहिलं होतं. मागच्या ऑगस्टमध्ये घरोघरी तपासणीचे फॉर्म भरले तेव्हा अम्मीचं तोंड पाहिलं. तेव्हा काही नव्हतं. नंतर वाढलं असेल. या रोगाचं असं असतं, तुला नर्सला मी काय सांगणार.

अम्मीला सलाम सांग.

पौर्णिमा

नांदगाव पेठ, १४ एप्रिल २०२४

जेबा,

आज जयंती. सगळी वस्ती मिरवणुकीत आहे, आमचे हेही तिकडेच. ढोल इथपर्यंत ऐकू येतात. मी डोकं दुखतं म्हणून घरी थांबले.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. मी पाहिलं नव्हतं.

आता सरळ सांगते, मधे थांबले तर पुन्हा जमणार नाही. फॉर्म भरून द्यायला दोन दिवस उरले होते आणि माझी सदतीस घरं बाकी. गीतांजली मॅडम, आमच्या गटप्रवर्तक, दिवसातून तीनदा फोन करत होत्या. तुमच्याकडे मी दुपारी आले. आयशाबी ओट्यावर रजईत कापूस भरत बसली होती. मला पाहून उठली, चहा ठेवला. मी फॉर्म काढला. वय, बीपी, साखर, सगळं विचारलं. मग म्हटलं, "अम्मी, आ करा, तोंड पाहू द्या." तिनं मान फिरवली. म्हणाली, "जाय व, तू काय डाक्टरीन हायेस का? तोंडात तंबाखू हाय आता."

मी हसले. आणि 'तोंडात बरा न होणारा व्रण' याच्यापुढं 'नाही' लिहिलं. 'तोंड उघडायला त्रास', नाही. 'पांढरा किंवा लाल चट्टा', नाही. तिच्यासमोर बसून लिहिलं. तीन वेळा नाही.

एवढंच असतं तरी मी स्वतःला समजावलं असतं. सगळ्याच जणी घाईत असंच भरतात. पण जेबा, चहा आला तेव्हा तिनं तो बशीत ओतला आणि खूप वेळ तसाच ठेवला. निवून साय धरली. टोस्ट घेतला, पार लगदा होईपर्यंत बुडवला आणि डाव्या गालात ठेवून गिळला. मी ते पाहत होते. आयशाबी ही उकळता चहा पिणारी बाई, आपण लहानपणी तिला हसायचो. माझ्या मनात आलं, हिला काहीतरी दुखतं आहे. आणि दुसऱ्याच क्षणी आलं, आता विचारत बसले तर अर्धा तास जाईल.

मी उठले. पुढच्या घरी गेले.

जानेवारीत तू तिला घेऊन गेलीस. मधे पाच महिने. त्या पाच महिन्यांत जबडा वाचला असता की नसता, मला सांगता येत नाही. तुला येत असेल. त्या भीतीनंच मी खोटं लिहिलं.

हे पत्र उजैरला पाकिटात चिकटवून देते. त्यानं वाचलं तरी चालेल.

पौर्णिमा

नांदगाव पेठ, ९ जून २०२४

जेबा,

तुझ्याकडून काही आलं नाही. यावं असं मी म्हणतही नाही. तरी लिहिते, कारण एका गोष्टीत तुझी परवानगी घ्यायची राहून गेली.

एप्रिलच्या शेवटी मी गीतांजली मॅडमला सांगितलं की माझे मागच्या वर्षीचे फॉर्म खरे नाहीत. कितीतरी घरी तोंड न पाहता 'नाही' लिहिलं आहे. त्या आधी घाबरल्या. मग दार लावलं आणि म्हणाल्या, "पौर्णिमाताई, ते वर गेलं, जमा झालं. आता उकरून कोणाचं भलं होणार?" वाईट बाई नाही ती. तिच्याही वर कोणी आहे. शेवटी म्हणाली, परत तपासायचं तर तपासा, पण नवा फॉर्म मिळणार नाही.

मग मी शाळेची वही घेतली, बॅटरी घेतली आणि पहिल्या घरापासून सुरुवात केली. तेव्हापासून पंचेचाळीसच्या उन्हात फिरते आहे. सकाळी सात ते दहा आणि ऊन उतरल्यावर. लोक विचारतात, पुन्हा काहून? मी सांगते, मागच्या वेळी नीट पाहिलं नव्हतं. काही जण यावर चिडतात. बरेच जण, काय सांगू, तोंड उघडतात. मागं बारा वर्षं मी 'तुमच्या भल्यासाठी' म्हणत होते तेव्हा उघडत नव्हते.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात पार्वताबाईच्या घरी गेले. नत्थुजीची बायको. ती खालच्या ओठात तंबाखू धरते, लग्न झाल्यापासून. ओठ खाली ओढला तर आत पांढरा चट्टा, जुन्या चुन्यासारखा, आणि एका कडेला बोटाला कडक लागत होता. मी म्हटलं, बाई, उद्या अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात चला, मी येते सोबत. तर ती म्हणते, "तपासलं की निघते, पोर्णिमा. नाई तपासलं तं नाई निघत."

चार दिवस गेले मी. चित्रं दाखवली. नातीची शपथ घातली. नत्थुजींनी एकदा कुत्रं हाकलावं तसं हाकललं. पाचव्या दिवशी मी दमून तिच्या ओसरीत खालीच बसले. पाणीही मागितलं नाही. आणि काय झालं कोण जाणे, मी तिला अम्मीचं सगळं सांगून टाकलं. टोस्ट, चहा, तीन वेळा नाही. तुझं बोलणं बंद झालं तेसुद्धा.

पार्वताबाई तांदूळ निवडत होती. हात थांबला. म्हणाली, "आयशाबीनं मह्या पोरीच्या लग्नाची रजई भरून देल्ली होती." मग म्हणाली, "उद्या किती वाजता निघाचं?"

तुकडा काढून तपासला. कॅन्सर नाही, पण त्याच वाटेवर होता. डॉक्टरांनी तेवढा भाग काढला, टाके घातले. ती आता तंबाखूऐवजी बडीशेप चघळते आणि मला रोज शिव्या देते.

पण तुझ्या अम्मीचं दुखणं मी तुला न विचारता परक्या घरात वापरलं. ते बरोबर केलं की नाही, तू ठरव. नको म्हणालीस तर पुन्हा सांगणार नाही.

पौर्णिमा

अकोला, २ जुलै २०२४

पौर्णिमा,

तुझी चारही पत्रं माझ्याजवळ आहेत. तिसरं मी किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. त्या दिवशी तू माझ्या दारात असतीस तर मी तुला आत घेतलं नसतं.

पण मलाही एक सांगायचं आहे आणि ते मी अजून उजैरलाही सांगितलं नाही.

गेल्या वर्षी जूनमध्ये अम्मीनं मला फोनवर सांगितलं होतं, "बेटा, तोंडात आग होते, तिखट खाल्लं जात नाही." माझी ड्यूटी चालू होती, वॉर्डात गर्दी होती. मी म्हटलं, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या घे. जुलैत परत म्हणाली. मी परत तेच सांगितलं. मला नर्स होऊन चौदा वर्षं झाली. कोणी पेशंट हे म्हणाला असता तर मी आधी त्याचं तोंड उघडलं असतं. माझ्या आईचं नाही उघडलं. तू ऑगस्टमध्ये आलीस. त्याच्या आधी दोन महिने मला माहीत होतं.

नागपूरला डॉक्टरांनी विचारलं, केव्हापासून आहे? मी म्हटलं, आताच कळलं. बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं, पौर्णिमानं फॉर्मवर 'नाही' लिहिलं होतं, तिच्यामुळं उशीर झाला. उजैरला सांगितलं, मामूंना सांगितलं. सांगून बरं वाटायचं.

तुझी चूक कमी झाली असं मी म्हणत नाही. ती आहेच.

मानेत पुन्हा गाठ आली आहे. आता ऑपरेशन होणार नाही. अम्मी दोन बोटं कपाळाला लावून दाखवते, टिकलीची खूण. म्हणजे तू. रोज विचारते. लवकर ये.

आणि अम्मीचं नाव सांगत जा. परवानगी आहे.

जेबा

नांदगाव पेठ, ८ सप्टेंबर २०२४

जेबा,

काल फोनवर तू म्हणालीस की मी सगळ्याला 'बरं आहे' म्हणते, त्यापेक्षा लिहीत जा. बरं, लिहिते.

अम्मीला माती देऊन आज सोळा दिवस झाले. कब्रस्तानाच्या बाहेर आम्ही बाया उभ्या होतो. पार्वताबाईही आली होती, पदरानं तोंड झाकून.

मी जुलैत अकोल्याला आले होते त्या दिवसाचं तुला एक सांगायचं राहिलं. तू औषध आणायला खाली गेलीस, तेव्हा मी अम्मीला सांगितलं. म्हटलं, "अम्मी, त्या दिवशी मी तुमचं तोंड न पाहता 'नाही' लिहिलं. तुम्हाला दुखत होतं, ते मला दिसलं होतं." तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग तिनं माझा हात धरून जवळ ओढलं. अर्ध्या जबड्यातून शब्द कसे येतात तुला माहीत आहे, मी कान अगदी तोंडाशी नेला. ती म्हणाली, "मीच मान फिरोली होती."

तिनं मला माफ केलं, असं तू म्हणशील. केलं. पण जेबा, ती माफी मला घेता आली नाही, आजही येत नाही. मान सगळेच फिरवतात. नत्थुजी फिरवतात, शाहीन फिरवते. माणूस घाबरला की मान फिरवणारच. तशा माणसासमोर बसून राहायचं, एवढंच माझं काम होतं, आणि मी उठले.

तुझ्या गोळ्यांचंही मी तिला विचारलं नाही. ते तुमच्या दोघींमधलं आहे.

मी फार थकले आहे. पाय सुजतात. वहीतली तीनशे चाळीस माणसं झाली, पन्नास-साठ उरली आहेत. शाहीननं ईदनंतर दिवसाही पुन्हा गुल सुरू केलं होतं, आता म्हणते दिवसातून दोनदाच. खरं असेल. कोरकू बायांसाठी नितेश सरांना, आमच्या आरोग्य अधिकाऱ्यांना, विनंती केली आहे की कोरकू बोलणारं कोणी द्या. ते 'पाहू' म्हणाले.

पौर्णिमा

नांदगाव पेठ, २७ ऑक्टोबर २०२४

जेबा,

मागच्या रविवारी तू आलीस आणि गल्लीतल्या बायांसमोर उभी राहून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांचं सांगितलंस, तेव्हा उजैर मागं मोटरसायकलला टेकून ऐकत होता. तुझी त्याच्याकडे पाठ होती. मला तो दिसत होता. मधेच निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीवर जायच्या आधी माझ्याकडे आला. म्हणाला, "बाजी, पाहून घ्या." मी उजेडाला बसवलं. तोंड पुरतं उघडत नाही त्याचं. आतून गाल ताठ झाले आहेत, ओढलेल्या दोरीसारखे. मी विचारलं, केव्हापासून? म्हणाला, अम्मीच्या ऑपरेशनच्या आधीपासून तिखट सहन होत नाही. आधीपासून, जेबा. आणि माझी सगळी पत्रं त्यानंच पोचवली.

मी त्याच दिवशी सुटी टाकून त्याला दवाखान्यात नेलं. तुला आधी कळवलं नाही, कारण तो म्हणाला, जेबा आपाला तपासणी झाल्यावर सांगा. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर नाही. पण ताठ झालेला गाल पूर्वीसारखा होणार नाही, आणि खर्रा चालू राहिला तर पुढचं काही सांगता येत नाही. रोज तोंडाचा व्यायाम दिला आहे, दर महिन्याला दाखवायचं आहे. तू रागावशील, रडू येईल, ते सगळं माझ्यावर काढ. त्याच्यावर काढू नकोस. निदान आत्ता नको.

चार दिवस त्यानं खर्ऱ्याला हात लावला नाही. कुंदनच्या टपरीवरून जायला लागू नये म्हणून कारखान्याला मागच्या रस्त्यानं जायचा. चिडचिड, डोकेदुखी, घास गिळवत नव्हता. काल पाचव्या दिवशी पाळी सुटल्यावर त्यानं एक पुडी खाल्ली. मला कळायचं काही कारण नव्हतं. तो स्वतःच आला, दारात उभा राहिला आणि मान खाली घालून म्हणाला, "बाजी, आज खाल्ला."

मी आत बोलावून बसवलं. अर्धा तास बसला, मीही बसले. जाताना म्हणाला, उद्या परत मागच्या रस्त्यानं जातो.

पौर्णिमा